पहिल्या गेमिंग लॅपटॉपची रॅम आणि एसएसडी

गेमिंग लॅपटॉपची जाहिरात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावांनी सुरू होते, आणि रॅम व एसएसडीचे आकडे त्यांच्याखाली बारीक अक्षरांत येतात. पहिल्यांदा खरेदी करणारा ग्राहक बराचसा विचार पहिल्या दोन नावांवर खर्च करतो, आणि ते योग्यही आहे. कारण आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डावर कायमच्या सोल्डर केलेल्या असतात आणि एकदा घेतल्या की लॅपटॉपच्या आयुष्यभर त्याच राहतात. रॅम आणि एसएसडी यांचे मात्र तसे नाही. त्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येतात, काहींमध्ये अजिबात येत नाहीत, आणि बाहेरून पाहता हा फरक कळत नाही. म्हणूनच या दोन गोष्टी निवडताना आज किती जीबी मिळते याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व ती लॅपटॉपमध्ये कशा रीतीने बसवली आहे याला द्यावे लागते.

रॅम म्हणजे चालू कामापुरती स्मृती. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधलेल्या रचनेवर ती आजही चालते: एक ट्रान्झिस्टर आणि त्याला जोडलेला एक सूक्ष्म धारित्र, म्हणजे विद्युतभार धरून ठेवणारा घटक, मिळून माहितीचा एक बिट सांभाळतात. हा भार सतत गळत असल्याने तो सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो आणि वीज गेली की सगळे पुसले जाते. एसएसडीतील नँड फ्लॅश स्मृती, जी तोशिबातील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८७मध्ये पुढे आली, भार बंदिस्त करून ठेवते आणि विजेशिवाय माहिती टिकवते, पण तिचा प्रतिसाद रॅमपेक्षा कितीतरी पटींनी मंद असतो. खेळ सुरू होताना नकाशे, पात्रे, ध्वनी आणि पृष्ठभागांची चित्रे एसएसडीवरून रॅममध्ये आणि तेथून ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत जातात.

या साखळीमुळे दोन्हींची टंचाई वेगवेगळ्या रीतीने जाणवते. रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधील काही भाग एसएसडीवरील पेज फाइल नावाच्या राखीव जागेत हलवते, आणि खेळाला नेमका तोच भाग हवा झाला की तो परत येईपर्यंत दृश्य क्षणभर अडते. सेकंदाला ६० चित्रे चांगली चाललेली असताना मध्येच बसणारे हे झटके सरासरी आकड्यांत फारसे दिसत नाहीत, पण खेळणाऱ्याला ते फार त्रास देतात. एसएसडीत जागा कमी असेल तर चालू खेळावर सहसा परिणाम होत नाही. फक्त पुढचा खेळ बसवता येत नाही.

रॅम किती घ्यावी याचे उत्तर आता बरेचसे ठरलेले आहे. एल्डन रिंग आणि सायबरपंक २०७७ यांच्या निर्मात्यांनी किमान १२ जीबी सांगितली आहे, तर हॉगवर्ट्स लेगसी आणि स्टारफील्ड यांची किमान मागणीच १६ जीबीची आहे. विंडोज, ब्राउझर आणि मित्रांशी बोलण्यासाठी चालू ठेवलेले डिस्कॉर्ड मिळून चार-पाच जीबी सहज घेतात, हे लक्षात घेतले तर ८ जीबीचा लॅपटॉप गेमिंग म्हणून विकला जात असला तरी तो अपुराच म्हणावा लागतो. अशा लॅपटॉपची किंमत मनात धरताना पुढे टाकाव्या लागणाऱ्या रॅमचे पैसे त्यात आधीच मिळवावेत. १६ जीबी हे आजचे योग्य प्रमाण आहे. ३२ जीबी उपयोगी पडते ती खेळासोबत चित्रीकरण, व्हिडिओ संपादन किंवा मोठमोठे मॉड्स, म्हणजे चाहत्यांनी तयार केलेल्या पुरवण्या, चालवणाऱ्याला. ग्राफिक्स कार्डाची स्मृती, जिला व्हीरॅम म्हणतात, ती याहून वेगळी असते आणि कधीही वाढवता येत नाही, त्यामुळे ३२ जीबी रॅम घेऊन ४ जीबी व्हीरॅमची उणीव भरून निघत नाही. विक्रेता दोन्ही आकडे एका दमात सांगतो तेव्हा हा भेद हटकून विचारावा.

१६ जीबीचे दोन लॅपटॉप सारखेच असतील असेही नाही. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये माहिती वाहून नेणारे मार्ग, ज्यांना चॅनेल म्हणतात, बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन असतात, आणि रॅमची एकच पट्टी बसवली की त्यांतील एक रिकामा राहतो. डीडीआर४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती देते, दोन पट्ट्या ५१.२ जीबी देतात. डीडीआर५च्या ४८०० वेगाच्या एका पट्टीसाठी हा आकडा ३८.४ जीबी आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रे रेखाटण्याचे कामही याच रॅमवर पडत असल्याने एका पट्टीचा फटका तेथे सर्वाधिक बसतो. स्वतंत्र कार्ड असले तरी प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गर्दीच्या दृश्यांत तो दिसतोच. येथे एक पेच आहे. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर पहिल्या दिवसापासून दोन्ही मार्ग वापरात येतात, पण पुढे ३२ जीबी करताना त्या दोन्ही काढून टाकाव्या लागतात. १६ जीबीची एक पट्टी असेल तर आज वेग कमी मिळतो, मात्र तशीच दुसरी टाकली की क्षमता आणि वेग दोन्ही वाढतात. जो वर्ष-दोन वर्षांत रॅम नक्की वाढवणार आहे त्याने एक पट्टी आणि एक मोकळा स्लॉट पत्करावा, इतरांनी दोन पट्ट्याच घ्याव्यात.

स्लॉट आहेत की नाहीत, हे मात्र आधी पाहावे लागते. सडपातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर५ सारखी रॅम मदरबोर्डावर सोल्डर करून बसवलेली असते. ती वेगवान आणि वीज वाचवणारी असते, पण जन्मभर तेवढीच राहते. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स विभागातील मेमरीवर टिचकी मारली तर उजव्या खालच्या बाजूस रॅमचा वेग आणि दोनपैकी किती स्लॉट भरले आहेत हे दिसते. सोल्डर केलेल्या चिपाही तेथे कधी कधी स्लॉट म्हणून मोजल्या जातात, म्हणून कंपनीच्या तपशीलपत्रात सोल्डर्ड किंवा ऑनबोर्ड हा शब्द आहे का, तेही वाचावे.

एसएसडीच्या बाबतीत जाहिरातीचा भर वेगावर असतो, आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने तोच आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साटा पद्धतीची एसएसडी सुमारे ५५०, एनव्हीएमई पद्धतीची तिसऱ्या पिढीची सुमारे ३५०० आणि चौथ्या पिढीची ७००० एमबीपर्यंत. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येणे हा मोठा बदल असतो, आणि सायबरपंक, स्टारफील्ड, बाल्डर्स गेट ३ यांसारखे खेळ आता एसएसडी अनिवार्यच मानतात. ३५०० आणि ७००० यांतील फरक मात्र बहुतेक खेळांत प्रतीक्षेच्या एखाद-दोन सेकंदांपलीकडे जात नाही, कारण वाचलेली माहिती उलगडून मांडण्यात प्रोसेसरचाही वेळ जातो. वेगवान एसएसडीसाठी द्यावयाचा जास्तीचा पैसा क्षमतेत घालावा, हे म्हणूनच श्रेयस्कर.

क्षमतेचा हिशोब प्रत्यक्ष मांडून पाहण्यासारखा आहे. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मानतात आणि विंडोज दोनाच्या घातांनी मोजते, त्यामुळे ५१२ जीबीची एसएसडी पडद्यावर ४७६ जीबी दिसते. त्यातून विंडोज आणि नित्याच्या प्रोग्रॅमसाठी पन्नास जीबी वजा करावेत. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घटतो म्हणून आणखी सत्तर जीबी मोकळे ठेवावेत. उरलेल्या साडेतीनशेंत रेड डेड रिडेम्पशन २ आणि बाल्डर्स गेट ३ या प्रत्येकी १५० जीबी मागणाऱ्या दोन खेळांनंतर ७० जीबीच्या सायबरपंकला जागा उरत नाही. एक खेळ काढून पुन्हा उतरवून घेणे हा उपाय वाटतो खरा. पण १५० जीबी उतरवायला सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर सव्वातीन तासांहून अधिक, आणि ४० मेगाबिटच्या जोडणीवर आठ तासांहून अधिक वेळ लागतो. वसतिगृहात मोबाइलच्या डेटावर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला तर तो मार्गच बंद असतो. १ टीबी हे त्यामुळे चैनीचे प्रमाण नाही. ५१२ जीबीच घ्यावी लागली तर दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळा एम.२ स्लॉट असलेला लॅपटॉप निवडावा, म्हणजे पहिली न काढता दुसरी जोडता येते.

दुसरी एसएसडी घेताना तिची लांबी आणि पद्धत जुळवावी लागते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब; काही लॅपटॉपमध्ये ४२ मिलिमीटरचीच जागा असते. एम.२ हे आकाराचे नाव असल्याने त्या आकारात साटाच्या एसएसडीही मिळतात आणि त्या एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये चालतीलच असे नाही. टीएलसी प्रकारात एका पेशीत तीन बिट साठवतात आणि क्यूएलसीत चार; क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठा खेळ उतरवताना तिचा वेग मध्येच कोसळू शकतो, म्हणून विंडोज असलेल्या मुख्य एसएसडीसाठी टीएलसी घ्यावी आणि निव्वळ खेळांच्या साठ्यासाठी क्यूएलसीही चालते. झिजेची काळजी खेळणाऱ्याला फारशी नको, कारण झीज लिहिण्याने होते आणि खेळ मुख्यतः वाचतात.

नंतर वाढवू, हा विचार मात्र किमतींवर अवलंबून असतो. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहिती केंद्रांनी स्मृतीच्या चिपा मोठ्या प्रमाणावर उचलल्यामुळे रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले, आणि स्वस्तातली ८ जीबी घेऊन पुढे पट्टी टाकण्याचा बेत केलेल्यांना तो महाग पडला. म्हणून रॅम पुरेशी आहे ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. एसएसडीसाठी थोडे थांबणे तुलनेने सोसते. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात पट्टी टाकून घेताना झाकण उघडल्याने हमी जाते का, हे कंपनीला आधी विचारावे, आणि काढलेली मूळ पट्टी दुकानात न सोडता जपून ठेवावी, कारण हमीच्या काळात लॅपटॉप दुरुस्तीला देताना सेवा केंद्र पुष्कळदा मूळ भागच बसवून आणायला सांगते.