हनुवटीवरचं गोंदण

२०१६ च्या डिसेंबरात वाईजवळच्या आमच्या गावी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ८१ दिव्यांनी तिला ओवाळलं, पंगती उठल्या आणि ऊन कलायच्या आत दादानं सगळ्यांना अंगणात गोळा करून एक फोटो काढला. पुढं मांडी घालून पोरं, मधे खुर्चीत आजी, मागं ओट्यावर लेकी-सुना. संध्याकाळी तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. सगळ्यांनी पाहिला, पुढं पाठवला. महिन्याभरानं मी तो साताऱ्याला नेऊन १२ बाय १८ चा करून घेतला, फ्रेम घातली आणि आजीच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं काच पुसली, परत पुसली.

"माझं गोंदण कुठं गेलं गं?"

आजीच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके आहेत. लहानपणी तिच्या मांडीवर पडल्या पडल्या आम्ही नातवंडांनी ते बोटानं मोजलेत. फोटोत त्या जागी एक मळकट सावली होती. मला वाटलं, आजीला मोतीबिंदू आहे, तिलाच दिसत नसेल. तशी समजूत काढून मी फ्रेम भिंतीला लावली. हे मी पुढची कितीतरी वर्षं विसरू शकले नाही. कारण २०१९ मध्ये तिचं ऑपरेशन झालं, नजर लख्ख झाली, आणि घरी आल्यावर त्या भिंतीपुढं उभी राहून तिनं तोच प्रश्न विचारला.

घरातल्या फोटोंच्या मागं मी लागले ती तेव्हापासून.

आमच्याकडं कॅमेरा आला १९९१ साली. रोल ३६ फोटोंचा. गणपतीत घातलेला रोल दिवाळीत संपायचा, मग बाबा तो धुवायला टाकायचे. चार दिवसांनी पाकीट यायचं. त्यात पोस्टकार्ड साइजच्या कॉप्या, आणि मागच्या कप्प्यात निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या. कॉप्यांवर सगळ्यांची झुंबड. कोपरे मऊ पडेपर्यंत त्या हातोहाती फिरायच्या. निगेटिव्ह पोरांच्या वाट्याला. उन्हाकडं धरून पांढऱ्या केसांचे, काळ्या दातांचे काका-मामा ओळखायचे, एवढाच तिचा उपयोग आम्हांला ठाऊक. नंतर ती पाकिटं लोखंडी ट्रंकेत जायची. पावसाळी ओलीनं काही पट्ट्या एकमेकींना कायमच्या चिकटल्या.

पण धाकट्या आत्याचं लग्न १९९५ मधलं, आणि त्यातला एक फोटो आम्ही मोठा करून घेतला तो ९ वर्षांनी. अवघी ३६ बाय २४ मिलिमीटरची ती फिल्म. तिच्यावरून काढलेल्या मोठ्या प्रिंटवर पैठणीच्या पदरावरचे मोर वेगवेगळे दिसत होते. मूळ चीज घरात होती म्हणून ते जमलं. ट्रंकेत काय ठेवलंय हे आम्हांला कळलं नव्हतं, तरी ते आमच्या ताब्यात होतं.

२००४ मध्ये काकांनी डिजिटल कॅमेरा आणला, ३.२ मेगापिक्सेलचा. आज तो आकडा कुणाला फोनमध्येही नको असेल. त्याचा फोटो २०४८ बाय १५३६ बिंदूंचा यायचा आणि ४ बाय ६ ची प्रिंट त्यातून सुरेख निघायची. कार्ड भरलं की बाबा सीडी करत आणि वर मार्करनं सण आणि साल लिहीत. घरातल्या एकाही लॅपटॉपला आता सीडी घालायला जागा नाही. मी त्या ११ सीड्या एका ओळखीच्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेऊन घातल्या, ८ उघडल्या. उरलेल्या तिनांत २००७ चा गणपती होता.

त्याच सुमाराला फोटो परगावाहून यायला लागले. आतेभाऊ न्यू जर्सीत. त्याच्या मुलाच्या बारशाचे फोटो त्यानं २००६ मध्ये ई-मेलनं पाठवले. विंडोज एक्सपी त्या काळात ई-मेलला फोटो जोडताना 'लहान करू का?' म्हणून विचारायची आणि हो म्हटलं की ६४० बाय ४८० चा करून द्यायची. नेट सावकाश, मेलबॉक्स छोटा, कुणीही हो म्हणणार. आजीसाठी मी त्याची प्रिंट काढली तर बाळाचा चेहरा मेणाचा वाटला. दोष मी कागदाला दिला. पुढं ऑर्कुट आलं. २०१४ मध्ये ते बंद झालं तेव्हा तिथले आमचे फोटो कुणीच उतरवून घेतलेले नव्हते. फेसबुक सुरुवातीच्या वर्षांत फोटो ६०४ बिंदूंपर्यंत लहान करत असे. पडद्यावर सगळं छान दिसायचं, आणि आम्ही प्रिंट काढणं जवळजवळ सोडलंच होतं. त्यामुळं काय हरवतंय ते दिसायला कारणच उरलं नाही.

२०१४ मध्ये घरचा ग्रुप झाला, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि फोटोंचा पूर आला. सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो त्याच पुरातला.

त्याचं नेमकं काय झालं होतं ते मला २०२४ मध्ये कळलं, तेही स्टुडिओवाल्या काकांमुळं. त्याआधी वर्षभर मी फोन हातात घेऊन निराळंच करत बसले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेनं जुने फोटो लख्ख करून देणारी अॅप आली होती. मी तो फोटो त्यातल्या एकात घातला. क्षणात आजीच्या पापण्या सुट्या झाल्या, दात एकसारखे झाले, गालावरच्या सुरकुत्या निम्म्यावर आल्या आणि हनुवटी स्वच्छ झाली. त्या यंत्रानं गोंदणाला डाग समजून पुसून टाकलं. शेजारच्या काकूंना ती बाई सुंदर वाटली. मला ती अनोळखी वाटली. जे फोटोत उरलेलंच नाही ते यंत्र दुसऱ्यांच्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाजानं भरतं. नात्यातल्या चेहऱ्याच्या बाबतीत असा अंदाज मला चालणार नाही, आज नाही आणि पुढंही नाही.

ती फाइल घेऊन मी स्टुडिओत गेले. काकांनी ती उघडलीही नाही. मूळ फाइल दाखवा म्हणाले, आणि नाव वाचून मान हलवली. "ताई, नावात डब्ल्यूए आहे बघा. हा ग्रुपवरून उतरवलेला. ओरिजिनल कुणाकडं आहे?"

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. दादाच्या त्या वेळच्या फोनचा फोटो ४१६० बाय ३१२० बिंदूंचा. ग्रुपवर पोचला तो १६०० बाय १२००. सात बिंदूंतले सहा वाटेतच गेले. आमच्या घरच्या काकांच्या २००४ मधल्या कॅमेऱ्यापेक्षाही तो लहान! १८ इंच रुंद कागदावर तो पसरला की इंचाला जेमतेम ८९ बिंदू पडतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० लागतात, भिंतीवरच्या मोठीला १५० तरी हवेत. ४ बाय ६ ला ग्रुपवरचा फोटो बरा भागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

वर आणखी एक गोष्ट. जेपीईजी ही १९९२ पासूनची पद्धत फोटोचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला चटकन जाणवणार नाहीत असे बारकावे त्यांतून गाळते. उजेड-सावलीतला फरक आपल्याला बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून रंगाची माहिती जास्तच ढोबळ ठेवली जाते. व्हॉट्सअॅप फोटो लहान करताना ही गाळणी पुन्हा एकदा लावतं. सावळ्या कातडीवरचे तीन हिरवट ठिपके, तेही खुर्चीतल्या आजीच्या एवढ्याशा चेहऱ्यावर: या गाळणीतून पहिल्यांदा पडणारं तेच. मी भिंग घेऊन घरची फ्रेम पाहिली. हनुवटीवर सव्वादोन मिलिमीटरचे चौकोन खरंच दिसले.

संध्याकाळी दादाला फोन लावला.

"दादा, तो सहस्रचंद्राचा फोटो पाठव ना."

"ग्रुपवर टाकलाय की!"

"तो नको. तुझ्या फोनमधला हवाय."

"तो फोन कधीच फुटला गं."

फुटलेला फोन वहिनींनी टाकला नव्हता. कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात होता. दुरुस्तीवाल्यानं दुसरा डिस्प्ले लावला आणि चौथ्या दिवशी तो सुरू झाला. दादा म्हणाला, "डॉक्युमेंट म्हणून पाठवतो." तसं पाठवलं तर फाइल जशीच्या तशी पोचते हे त्याला ऑफिसमुळं माहीत होतं, घरच्या फोटोंसाठी ते कधी सुचलं नव्हतं इतकंच. २०२३ पासून व्हॉट्सअॅपवर एचडीची सोय आहे, तीही बरी, पण तीसुद्धा मूळ फाइल नव्हे. मी धोका पत्करला नाही. पुण्याला दादाकडं जाऊन केबल लावली आणि तो अख्खा फोल्डर उतरवून घेतला. साडेचार एमबीची फाइल, काढल्याची तारीख-वेळ पोटात शाबूत. ग्रुपवरच्या कॉपीचं वजन १८० केबी होतं.

स्क्रीनवर मी ती मोठी करत नेली. तीन ठिपके. मधला थोडा फिकट.

स्टुडिओवाल्या काकांनी या वेळी घाई केली नाही. फोनचा पडदा स्वतःच उजळ असतो, कागद नसतो, म्हणून ओट्याखालची सावली त्यांनी जराशी उघडली. धार वाढवायचं बटण मी वापरू नका म्हटलं, ते म्हणाले, अगदी थोडं लागतं, नाहीतर कागद ते पिऊन टाकतो. मग त्यांनी विचारलं, "पूर्ण ठेवू का भरून काढू?" फोनचा फोटो चारास तीन, १२ बाय १८ चा कागद तीनास दोन. कागद भरायचा तर उंचीतला नववा हिस्सा छाटावा लागतो. पहिल्या वेळी तो न विचारता छाटला गेला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी पूर्ण ठेवा म्हटलं. दोन्ही बाजूंना इंच-इंच पांढरी पट्टी राहिली, आणि बिंदू पडले इंचाला २६०.

गेल्या दिवाळीत ती प्रिंट, फ्रेम न घालता, आजीच्या हातात दिली. तिनं उजेडाकडं तोंड केलं. हनुवटीवर नखानं टिचकी मारल्यासारखं केलं आणि पुढं सरकली. स्वतःकडं तिनं फार वेळ पाहिलं नाही. पोरांच्या रांगेवरून बोट फिरवत ती मागं ओट्यावर गेली आणि अगदी वरच्या कडेला थांबली. तिथं खांबाला धरून धाकटी आजी उभी होती, हातात निरांजनाचं ताट तसंच. आठ वर्षं भिंतीवर असलेल्या फोटोत त्या जागी नुसता पदर दिसायचा, वरचं डोकं कापलेलं. धाकटी आजी २०१८ मध्ये गेली.

आजीनं तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"खाली खुर्चीशेजारी बसत होती ही. मीच म्हटलं, वर उभी राहा, सगळ्यांत उंच दिसशील."