माइनक्राफ्टचा पहिला मॉड

मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोडणी. त्यासाठी माइनक्राफ्टची ‘जावा एडिशन’ हवी. मोबाइलवरच्या ‘बेडरॉक’मध्ये अ‍ॅड-ऑन चालतात. आधी फोर्ज किंवा फॅब्रिक यांपैकी एक लोडर (मॉड चालवणारा प्रोग्राम) घ्यायचा, मग मॉडची जार फाइल ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये टाकायची. गेम, लोडर आणि मॉड यांच्या आवृत्त्या जुळायलाच हव्यात. बहुतेक नवखे इथेच अडतात. मॉड टाकण्याआधी ‘सेव्ह्ज’ फोल्डरची, म्हणजे साठवलेल्या जगांची, प्रत काढून ठेवाच, कारण मॉड काढला की त्याने आणलेले ठोकळेही जगातून जातात.

स्वतः काही घडवायचंय? जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्याआधी रिसोर्स पॅक, म्हणजे गेममधली चित्रं बदलणारा संच, करून पाहा. दगडाच्या ठोकळ्याचं मूळ चित्र अवघं १६ बाय १६ पिक्सेलचं. ते हवं तसं रंगवा, त्याच नावाने पॅकमध्ये ठेवा. डोंगरातला सगळा दगड तुमच्या रंगाचा होतो. शाळकरी मुलांनी तर इथूनच सुरुवात करावी.