हॉरर गेममधलं कोडं नेमकं किती अवघड असावं?

अंधारा कॉरिडॉर, बंदुकीत तीनच गोळ्या आणि समोर चार आकडी कोड मागणारं कुलूप. सुरुवातीला खेळाडू घाबरलेला असतो. पण बराच वेळ कोड सापडला नाही, की घाबरण्याऐवजी तो वैतागतो, मोबाईल उचलतो आणि यूट्यूबवर उत्तर बघतो. कुलूप उघडतं, पण भीती गेलेली असते. सर्व्हायव्हल हॉरर गेम बनवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी हीच.

मग कोडी सोपी करायची का? तसंही नाही. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मधली हवेली आठवा. चाव्यांवर तलवार, ढाल, चिलखत अशा खुणा आहेत. कुठली चावी कुठल्या दाराची, हे कळायला फार डोकं लागत नाही. अवघड असतं ते झॉम्बींना चुकवत त्या दारापर्यंत जाणं. म्हणजे कोडं डोक्यात लवकर सुटतं, पायांना मात्र महागात पडतं.

हेच गणित २०२२ च्या 'सिग्नॅलिस'ने आणखी ताणलं. रोझ-एंजिन या जर्मन टीममध्ये मुख्य माणसं दोनच. त्यांनी खेळाडूला फक्त सहा वस्तू जवळ ठेवू दिल्या. बंदूक, गोळ्या, औषध घेतलं की कोड्याच्या वस्तूंना उरतात जेमतेम दोन-तीन जागा. त्यात मारलेले शत्रू पुन्हा उठू शकतात. त्यांना कायमचं संपवायचं तर जाळावं लागतं आणि जाळायचं साहित्यही मोजकंच. त्यामुळे एखादी वस्तू मागे राहिली, तर ती आणायला जाण्याचीच धास्ती. काही खेळाडूंना यात मजा आली, काहींना हे नुसते हेलपाटे वाटले. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. वाटेतला धोका संपला, की उरतात ते हेलपाटेच.

'सायलेंट हिल २'ने (२००१) वेगळी वाट काढली. लढाई किती अवघड आणि कोडी किती अवघड, हे दोन्ही खेळाडूने वेगवेगळं निवडायचं. राक्षसांना घाबरणाऱ्याला कोडी आवडू शकतात, इतका साधा विचार. पण 'सायलेंट हिल ३'मध्ये सगळ्यात अवघड पातळीवर पुस्तकाच्या दुकानातलं कोडं सोडवायला चक्क शेक्सपिअरची नाटकं माहीत असावी लागतात! उत्तराचा धागा गेमच्या बाहेर गेला, की खेळाडू अडकणारच.

छोट्या स्टुडिओला प्रत्येक कोड्याच्या तीन-तीन आवृत्त्या परवडत नाहीत. ब्रिटनच्या एसएफबी गेम्सने २०२४ च्या 'क्रो कंट्री'त स्वस्तातला उपाय केला. बंद पडलेल्या त्या थीम पार्कमध्ये भविष्य सांगणारं यंत्र आहे आणि तेच हिंट देतं. हिंट मात्र मोजक्याच. म्हणजे गोळ्यांसारखी हिंटही जपून वापरायची. ज्यांना फक्त कोडी हवीत, त्यांच्यासाठी शत्रू नसलेला मोडही आहे.

तरी एक अडचण राहतेच. कोडं बनवणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे ते अवघड आहे की सोपं, हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून नवख्या माणसाला खेळायला बसवायचं आणि मागे गप्प बसून बघायचं. तो एकाच खोलीत तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने फिरायला लागला, की समजायचं इथे गडबड आहे. अनेकदा कोड्याला हातही लावावा लागत नाही. कोड लिहिलेली चिठ्ठी अंधाऱ्या कोपऱ्यातून उचलून दिव्याखालच्या टेबलावर ठेवली, तरी काम होतं.