मागितलेल्या कामाची पावती

महिनाअखेरीस पगाराचे पत्रक घरी आले की बहुतेकांची दृष्टी सरळ तळच्या आकड्याकडे जाते. मधल्या कपातींच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ अशी एक लहानशी नोंद असते. तिच्यावर क्षणभर थांबावे असे कोणास वाटत नाही. रक्कमही फार मोठी नसते. राज्यघटनेनेच या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. परंतु आपल्या मूळ प्रांतात, महाराष्ट्रात, हा कर १९७५ साली बसविला गेला तेव्हा त्यामागे एक असाधारण हेतू होता. शहरात ज्याला बारमाही पगार मिळतो त्याने खेड्यातील रिकाम्या हातांना काम मिळावे म्हणून दरमहा थोडा भार उचलावा, हा तो हेतू. नोकरदाराच्या कपातीतून मजुराच्या चुलीपर्यंतचा हा धागा कसा विणला गेला आणि बेकार माणसाच्या घरी आज त्यातले काय पोहोचते, याचा विचार महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनीही करण्याजोगा आहे.

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व अशा प्रसंगी नागरिकास सरकारी साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने करावी, असेही तेथे म्हटले आहे. मात्र त्याला ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशा अर्थाची एक अट जोडलेली आहे, आणि हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत मोडत असल्याने त्याच्या बळावर न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. म्हणजे तत्त्व मान्य, पण हक्क अधांतरी. तो जमिनीवर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला.

त्याचे जनक वि. स. पागे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने या कल्पनेचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. काम मागेल त्याला काम द्यावे, आणि ते काम असे असावे की त्यातून गावची जमीन सुधारेल, पाणी अडेल. ही त्यांची साधी सूत्रे होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ साली सरकारने ही योजना राज्यभर स्वीकारली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला.

ज्यांचे आप्त त्या काळी मराठवाड्यात, सोलापुरात वा नगर भागात होते त्यांना सुकडी आणि तांबडा मिलो हे शब्द नव्याने सांगावयास नकोत. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. कालपर्यंत ज्यांच्या बांधावर चार गडी राबत होते असे शेतकरीही रस्त्याच्या कडेला खडी फोडताना दिसत. त्या दोन वर्षांनी एक गोष्ट शिकविली: संकट आल्यावर धावाधाव करून कामे काढण्यापेक्षा कामांचा आराखडा आधीच तयार असावा आणि त्यावर येण्याचा मजुराचा अधिकार कायद्याने पक्का व्हावा. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांच्या आत ते पुरवावयाचे, आणि न पुरविल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. वर्षात अमुकच दिवस अशी मर्यादा नव्हती. व्यवसाय करातून जितकी रक्कम येईल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची होती. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामे निघाली. पुढे १९९० पासून फळबाग लागवडही या योजनेला जोडली गेली. मजुरी कामाच्या मापावर असल्याने स्त्री-पुरुष असा भेद दरात राहिला नाही. घराजवळ काम, मुकादमाची मनधरणी नाही, पैसा स्वतःच्या हातात; त्यामुळे अनेक कामांवर स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने आल्या. यात परित्यक्ता होत्या, विधवा होत्या, ज्यांना गावात कोणी कामावर बोलावीत नसे अशाही होत्या. खोटे हजेरीपट, लांबलेली मजुरी, अर्धवट राहिलेली कामे हे दोष या योजनेला चिकटले, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही सरकारकडे भीक नव्हे तर काम मागावयाचे, ही वृत्ती तिने खेड्यापाड्यांत रुजविली.

याच विचाराचे बीज पुढे देशभर गेले. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांचे काम, आणि अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान एक चतुर्थांश, पुढे निदान निम्मा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला व हमीचे दिवस १२५ केले.

कागदावर हे सारे स्वच्छ आहे. मग हा भत्ता प्रत्यक्षात हाती पडलेली माणसे इतकी विरळा का? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे होता, पण भत्ता मात्र राज्याने आपल्या पदरचा द्यावयाचा होता. हेतू असा की भत्त्याच्या धाकाने राज्य वेळेवर काम काढील. घडले उलटेच. भत्ता द्यावा लागू नये याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मागणीची तारीखच नोंदवावयाची नाही! मजूर तोंडी काम मागतो, ‘काम निघाले की कळवू’ असे उत्तर ऐकून परततो, आणि पंधरा दिवस मोजावयास आरंभच होत नाही. कायद्याने तारीख घातलेली पावती देणे बंधनकारक केले होते. ती पावती म्हणजेच हक्क. ती नसेल तर हक्क असूनही नसल्यासारखाच.

परंतु ही सारी व्यवस्था खेड्यासाठी व अंगमेहनतीसाठी झाली. शहरातील गिरणी कामगार, कारखान्यातील फिटर, पदवी घेऊन बसलेला मुलगा, यांचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा खाते दिसले नाही. केंद्र सरकारने १९८६ साली कायमच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांतील कामगारांसाठी पुनर्वसन निधी उभारला. त्यातून पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के इतके साहाय्य मिळे. उतरत्या पायरीची ही मदत; तीन वर्षांत माणसाने दुसरा आधार शोधावा, ही तीमागची अपेक्षा. इंदूरकरांना गिरणी बंद पडणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. तेथील हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या तीन दशकांत किती घरांतील कर्ते पुरुष तो दिवस न पाहताच गेले असतील!

संघटित कामगारांपुरता एक विमा आहे, पण तो अनेक घरांना ठाऊकच नसतो. कर्मचारी राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ चा. आजारपणातील दवाखान्याशी आपण तिचे नाते जोडतो. त्याच योजनेखाली १ जुलै २०१८ पासून बेकार झालेल्या विमाधारकास जास्तीत जास्त ९० दिवसांचे साहाय्य देण्याची सोय करण्यात आली. आरंभी ते सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होते. २०२० च्या महामारीत ५० टक्के झाले. या सोयीची मुदत वेळोवेळी वाढविली जाते, म्हणून काम सुटताच विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात चौकशी करणे हेच इष्ट.

सुशिक्षित बेकारांसाठी कर्नाटकाने २०२३ साली ‘युवानिधी’ जाहीर केला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवमोग्याला त्याचे वाटप सुरू केले. पदवीधरास दरमहा ३,००० व पदविकाधारकास १,५०० रुपये, नोकरी मिळेपर्यंत किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी घडेल तोवर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी घरांतील मुलामुलींचाही त्यावर इतर कन्नडिगांइतकाच अधिकार आहे. मदत भाषा पाहून मिळत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. मध्यमवर्गीय मराठी घरात नोकरी सुटणे ही लपविण्याची बाब मानली जाते. कर्ता पुरुष रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि बागेतील बाकावर दिवस काढून संध्याकाळी परततो; शेजाऱ्यांना कळू नये, माहेरी कळू नये. या लपवाछपवीत अर्जाच्या मुदती उलटून जातात. सरकारपुढे हात पसरणे त्याला कमीपणाचे वाटते. पण ज्या विम्यापोटी त्याच्या पगारातून वर्षानुवर्षे पैसे कापले गेले, त्यातून संकटकाळी चार पैसे परत घेणे हे हात पसरणे कसे? आजारी पडल्यावर दवाखान्यात जाताना आपण लाजत नाही.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी, आणि विशेषतः घराचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणींनी, एक जुनी सवय जपावी. नेमणुकीचे पत्र, पगारपत्रके, विम्याचा क्रमांक, मुलांची गुणपत्रके व रहिवासाचे दाखले एका पिशवीत नीट ठेवावेत. कोठेही अर्ज केला तर तारीख व शिक्का असलेली पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईचे गाव जवळपास असेल तर तिच्या माणसांनाही एवढे समजावून सांगावे की काम मागावयाचे ते कागदावर, आणि पावती घेऊन.

पाग्यांची कल्पना एका ओळीत सांगता येते: ज्याच्या हाताला काम आहे त्याने, ज्याच्या हाताला नाही त्याची आठवण ठेवावी. पुढल्या महिन्यात पगारपत्रकावरील ती लहानशी कपात दिसेल तेव्हा तिच्याकडे निदान एकदा थांबून पाहावे.