पोटदुखीचा केसपेपर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला पोट धरून बसायचा. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, अंगाराही झाला. पोटात काही सापडेना. आठ महिन्यांनी तो जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पोचला. आदल्या वर्षी त्याचे वडील गेले होते. हे आम्हा सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं. पोटदुखीशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. मीही नाही.

मुलं ‘मला उदास वाटतंय’ असं सहसा म्हणत नाहीत. डोकं दुखतं, झोप लागत नाही, शाळा नको वाटते. आपण त्याला नाटक म्हणतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला. म्हणजे साठाच्या वर्गात चार मुलं.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी सोय आहे ना? आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला, त्यात मुलांच्या सेवांचा वेगळा उल्लेखही आहे. पण कायदा एस.टी.चं तिकीट काढून देत नाही. जिल्ह्याला जायचं म्हणजे या मुलाच्या आईची दिवसाची मजुरी बुडायची. शिवाय गावात ‘पोराला वेड्यांच्या दवाखान्यात नेलं’ अशी कुजबुज. ती बिचारी ‘पोट दाखवायला चाललोय’ असं सांगून निघायची.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मात्र घरात मोबाइल एकच आणि खोलीही एकच, तर पोर बोलणार कुणासमोर? शाळेने अर्धा तास एक रिकामी खोली आणि फोन दिला तर हा प्रश्न सुटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक तपासणीला शाळेत येतंच. दात-डोळे बघताना झोपेची, भीतीची चौकशी एकेकट्याला बाजूला घेऊन केली, तर आठ महिन्यांचे आठ दिवस होतील, असं मला वाटतं.

त्या मुलाला गोळ्या लागल्या नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशकाशी बोलणं, एवढंच. चार भेटी तो क्रिकेटवरच बोलला. पाचव्या भेटीत म्हणाला, “बाबा मला बॉलिंग टाकायचे.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)