देवाच्या नावे लिहिलेली हुंडी

सन १९४८ च्या जानेवारीच्या ३० व्या तारखेस सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधी प्रार्थनेस निघाले असता नथुराम गोडसे याने त्यांस गोळ्या घालून ठार केले. त्या प्रार्थनेत गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे नित्य म्हटली जात असत. पुढे न्यायासनासमोर निवेदन करताना मारेकऱ्याने राम, कृष्ण व अर्जुन यांनी केलेल्या वधांचे दाखले आपल्या समर्थनार्थ दिले. एकाच परंपरेतून एकाने प्रार्थना घेतली, दुसऱ्याने पिस्तुलाचे समर्थन! तेव्हा दोष ग्रंथाचा की वाचणाराचा, हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही.

कित्येक सज्जन म्हणतात की, आमच्या धर्मात हिंसेस थाराच नाही. हे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. गीतेचा उपदेश रणभूमीवर झाला. आणि ज्याची बुद्धी अलिप्त आहे तो मारूनही मारीत नाही, असा आशय अठराव्या अध्यायात आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम बुद्धीने दुष्टांचा प्रतिकार करणे हे कर्तव्यच ठरविले. खुद्द गांधींनीही ‘अनासक्तियोगा’त कबूल केले की, अक्षरार्थ पाहता फलत्यागाशी युद्धाचा मेळ बसू शकेल, मात्र चाळीस वर्षे तो उपदेश आचरू पाहिल्यावर, सत्य व अहिंसा यांवाचून पूर्ण फलत्याग घडत नाही, असा स्वानुभव त्यांनी पुढे ठेवला.

आता, बुद्धी अलिप्त असल्याचा दाखला द्यावयाचा कोणी? मारणाऱ्यानेच? मग आरोपीच साक्षीदार व आरोपीच न्यायाधीश! असा निवाडा कोणत्या न्यायालयात चालेल? अर्जुनासमोर शस्त्रसज्ज सैन्य उभे होते. दिल्लीत समोर होता तो ७८ वर्षांचा निःशस्त्र वृद्ध. शिवाय त्याच अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर भगवंतांनी निर्णय अर्जुनाच्याच विचारावर सोपविला आहे. निर्णय ज्याचा, कृत्याचा भारही त्याच्याच शिरी. आमचे व्यापारी बंधू हे सहज जाणतील. हुंडी मोठ्या पेढीवर लिहिली म्हणून लिहिणारा सुटत नाही. ती न पटल्यास पैसा त्यालाच भरावा लागतो. देवाच्या नावे लिहिलेल्या हुंडीवरही सही माणसाचीच असते.

हा रोग एकाच पक्षाचा, असेही कोणी समजू नये. त्या वधानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत जमावांनी निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली. अहिंसेच्या उपासकाच्या नावे आगी लागल्या! त्यांस तर कोणत्याच श्लोकाचा आधार लागला नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, घरोघरी मुलांकडून गीता पाठ करविताना अवघड श्लोक झाकू नयेत व त्यांविषयी शंका विचारणाऱ्या मुलास गप्पही बसवू नये. अर्जुनाने शंका काढली म्हणूनच गीता सांगितली गेली, हे वडील मंडळींनी विसरू नये.