सोलापूरला जेवायला जावं, तेही रेल्वेने

सोलापूरला जायचं तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि जायचं ते रेल्वेनेच. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावते आहे. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस आहे, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर आहे. पण या सगळ्या गाड्यांपेक्षा मला पुण्याहून सकाळी सुटणारी साधी इंटरसिटी आवडते, कारण तिच्या खिडकीतून सोलापूरच्या जेवणाची सगळी कुळकथा दिवसाउजेडी पाहायला मिळते.

दौंड मागे पडलं की भिगवणच्या पुढे उजनी धरणाचं पाणी दिसू लागतं. थंडीत इथे रोहित पक्षी उतरतात. मी गेले तेव्हा डब्यातली मुलं खिडकीला नाक लावून ते शोधत होती आणि एक आजोबा त्यांना आपलं बुडालेलं गाव नेमकं कुठे होतं ते दाखवत होते. पुढे केम, जिथलं कुंकू महाराष्ट्रभर जातं. मग कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे तीच पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कितीतरी वारकऱ्यांनी विठोबा गाठला तो या लहानग्या गाडीने. रुंदीकरणात ती गेली, कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र अजून आहे.

माढ्यापासून मोहोळपर्यंत खिडकीबाहेर काळी जमीन आणि दोन पिकांची ओढाताण दिसते. उजनीचं पाणी पोचलं तिथे ऊस, नाही पोचलं तिथे ज्वारी. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणाने दुष्काळी रानात पिढ्यान्‌पिढ्या माणसं जगवली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नुसत्या जमिनीतल्या ओलीवर, हिवाळ्याच्या दवावर येणारं हे पीक. पण उसाचं बिल एकरकमी हातात येतं आणि ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, म्हणून दरवर्षी ज्वारीचा एखादा तुकडा कमी होतो. शेतकऱ्याला दोष देववत नाही, तरी बघून जीव तुटतो.

अशा वेळी जपानमधल्या गाड्या आठवतात. तिथे मोठ्या स्टेशनांवर त्या त्या गावचं जेवण सुबक डब्यात भरून विकतात. एकिबेन म्हणतात त्याला. कुठे मासा, कुठे तिथल्याच डोंगरातली भाजी, आणि लोक त्या डब्यासाठी गाडी ठरवतात. क्युशू बेटावर २०१३पासून सेव्हन स्टार्स नावाची गाडी धावते, तिच्यात तर प्रवासाइतकंच महत्त्व त्या बेटावर पिकलेल्या जिनसांच्या जेवणाला. आपल्याकडे डेक्कन क्वीनने १९३०पासूनची डायनिंग कारची ऐट राखली आहे. मग सोलापूरच्या वाटेवर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दह्याचं मडकं का मिळू नये? माझ्या डब्यात त्या दिवशी वडापाव आला, भेळ आली, चहा तर दर दहा मिनिटांनी आला. ज्वारीच्या कोठारातून गाडी चालली होती आणि ज्वारीचा एक दाणा विकायला नव्हता.

ही कसर भरून निघते ती शहराबाहेरच्या शेतात. दुपारी उतरून थेट हुरड्याला जावं. हुरडा म्हणजे ज्वारीचे भाजलेले कोवळे दाणे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याची वेळ किती नाजूक असते हे शेतातच कळतं. दाणा दुधातून चिकात आला की एका रानाला जेमतेम आठ-दहा दिवस मिळतात, नंतर तो निबर होतो. म्हणून जाणता शेतकरी गूळभेंडीसारखं हुरड्याचं वाण थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरतो. आगटीत गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली कणसं, आणि भाजणाऱ्याच्या दोन तळव्यांत चोळून निघालेले हिरवे, वाफाळते दाणे. सोबत गूळ, दही, लसणाची चटणी, बोरं, ओला हरभरा. जपानी पाककलेत ऋतूच्या त्या आठवड्यातलं जे असेल तेच पानात, असा दंडक असतो. आमच्या सोलापूरच्या रानात तो कुणी लिहून ठेवला नाही, पण पाळला गेला आहे. खंत एवढीच की हल्ली काही हुरडा केंद्रांवर आगटी कोपऱ्यात गेली आणि पुढे कर्णे आणि चिली पनीर आलं. आगटीजवळ बसायला पैसे मोजणाऱ्या माणसाला ते कशाला हवं असेल?

शहराचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे: भुईकोट किल्ला, सिद्धरामेश्वरांचं तळ्यातलं मंदिर, १९३०चा मार्शल लॉ, पुढल्या वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. हुतात्मा एक्स्प्रेस त्यांच्याच नावाची. १८७७च्या जुन्या मिलपासून गिरण्यांचं गाव झालं आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदू लागल्या. गिरणीच्या पाळीला जाणाऱ्याला न विटणारं जेवण हवं होतं आणि कडक भाकरी त्याच्या सोयीची होती.

ती भाकरी करणाऱ्या एका मावशींच्या चुलीसमोर माझी संध्याकाळ गेली. घर कन्नड, बोलणं सोलापुरी. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात कढत पाणी, आणि मग मळणं. हे मळणं मी इतका वेळ चाललेलं कुठे पाहिलं नव्हतं. "दळून आणलेलं पीठ लगेच संपवायचं ओ ताई, विरी गेलं की भाकरी कडंला फाटती," त्या म्हणाल्या. गोळा थापताना त्यांचा डावा हात फक्त कड सांभाळतो, उजवा भाकरी फिरवत नेतो, आणि बघता बघता ती तव्याएवढी, पापडाहून थोडी जाड होते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटली की मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत वाळवणं. घाई केली तर फुगते, आणि फुगलेली भाकरी कडक होत नाही. एक भाकरी पुरती वाळेपर्यंत दुसरी थापून तयार असते. पाठ मात्र दिवसभर वाकलेलीच. "लेकी शिकल्या, नोकरीला लागल्या. चांगलं झालं की," असं सांगून त्यांनी माझ्यापुढे पान ठेवलं: चुरलेली भाकरी, वर दही, वर शेंगांची चटणी.

चटणीचंही तेच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात कुटायचं, दाण्याला तेल सुटून चटणीचा लगदा होईपर्यंत. मिक्सरमध्ये कूट होतो, चटणी होत नाही. पाकिटातली चटणी आता दूरदूर जाते, त्याचा आनंदच आहे, पण उखळातली खाल्ल्यावर तिच्यातला फरक जिभेला सांगावा लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. संक्रांतीच्या सुमारास गेलात तर सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि गड्ड्याची यात्रा मिळेल, पण गर्दी धरून चाला आणि परतीचं आरक्षण आधी करा. हुरड्याला जाण्याआधी फोन करून रान चिकात आलंय का, एवढं विचारून घ्या, आणि आगटी खरीच आहे ना तेही. कडक भाकरी दुकानात मिळते, पण बाळीवेस किंवा नव्या पेठेच्या आसपास घरी करणाऱ्या बायकांचा पत्ता विचारलात तर लोक हाताला धरून नेतात. आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि भाव करू नका. रात्री सिद्धेश्वरने परत निघालात तर भाकऱ्यांची चळत बॅगेत आडवी नको, उभी ठेवा. मुंबईपर्यंत एकही मोडत नाही.